मोर्चा संपल्यावर घरी कोण जातं?

(बोरगाव मेघे, जि. वर्धा इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. कागदावर उतरवताना शिव्या थोड्या गाळल्या, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



मला भाषण येत नाही. थोडी कविता येते आणि ओझं उचलता येतं. मुंबईच्या गोदीत मी कंत्राटी कामगार. शिक्षण मॅट्रिक. आता दहावी म्हणतात, पण माझा बाप मॅट्रिकच म्हणायचा, छाती फुगवून, म्हणून मीही तेच म्हणतो. हे गाव माझं. वर्ध्याच्या कडेनं ही मेघे नावाची गावं बसलीत, सावंगी मेघे, पिपरी मेघे, सिंदी मेघे आणि आपलं बोरगाव मेघे. शहर वाढत आलं, गाव शहराला चिकटलं. शहराचं भाडं आलं, शहराची किस्त आली. शहराचा पगार काही आला नाही.

गेल्या वर्षी याच जागी, याच सतरंजीवर आपण शोकसभा घेतली होती. आपल्यातला एक पोरगा गेला. त्यानं स्वतःलाच संपवलं. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि त्याची माय मागच्या रांगेत बसलीय. त्या सभेत चौदा जण बोलले. मी मोजले, कारण मी चौदावा होतो. मी कविता वाचली. कविता बरी होती, टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! आणि साला मला त्या टाळ्या बऱ्या वाटल्या, हे आज तुमच्यासमोर सांगतो.

परवा गावी आलो, त्या माउलीकडे गेलो. चहा ठेवला तिनं. म्हणाली, "पोट्टेहो, तुमी आले, फोटोले हार घातला, भाषनं देल्ले, गेले. मंग कोनी नाई आलं. फायनान्सवाला तेवढा येते, दर मंगळवारी."

दर मंगळवारी. वर्षाचे बावन मंगळवार. आपली संघटना एक दिवस गेली आणि सावकाराची माणसं बावन दिवस. तुम्हीच सांगा, त्या घराशी नातं कोणाचं घट्ट?

त्यानं ऑटो घेतला होता फायनान्सवर. जिनिंगचं काम हंगामापुरतं, म्हणून ऑटो. जामीन म्हणून मायचा अंगठा. त्याच्या नावावर सातबारा नव्हता, त्यामुळं मेल्यावर सरकारी कागदात तो शेतकरीसुद्धा नव्हता. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यात आपला वर्धा होता. तेव्हापासून आपण एक भाषा शिकलो, पात्र आत्महत्या, अपात्र आत्महत्या. सातबारा पाहिजे, कर्ज पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे, मग मेलेला माणूस पात्र. ज्याच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याची जमीन कसली तो मेल्यावरही अपात्र. यावर आपण मोर्चे काढले, काढायलाच पाहिजेत. पण आज मला सरकारवर बोलायचं नाही. सरकारवर बोलणं सोपं आहे, सरकार इथं बसलेलं नाही. आपण बसलोय.

जायच्या दोन महिने आधी त्यानं मला फोन केला होता. माझी दुसरी पाळी होती, मी गोदीच्या गेटवर. म्हणाला, "भाऊ, झोप नाही येत." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अबे, लढायचं असते, रडायचं नसते." तो हसला. म्हणाला, "हो भाऊ." फोन ठेवला. माझ्याकडून त्याला मिळालेली शेवटची गोष्ट ही घोषणा होती. माझ्या कवितेत त्या ओळीवर टाळी पडते. फोनवर ती ओळ म्हणजे दार बंद करण्याचा आवाज होता.

आता तुमच्यातले काही म्हणतील, हे काय रडगाणं लावलं? आपण विद्रोही माणसं. करुणा, सहानुभूती हे पांढरपेशांचे शब्द. बरोबर आहे, या शब्दांचा मलाही राग होता. कारण आपण दया पाहिलीय. दया वरून खाली टाकतात. हात लागू नये म्हणूनच वरून टाकतात. आपल्या आज्यांच्या पदरात भाकर अशीच वरून पडायची. ती भाकर नको म्हणून तर बाबासाहेबांच्या मागे माणसं निघाली. पण दयेला लाथ मारताना आपण दुसरंही काही फेकून दिलं की काय, हे मला माझा पाय मोडल्यावर कळलं.

तेही सांगतो. ही शोकसभा झाल्यावर चार महिन्यांनी गोदीत स्टीलच्या कॉइल उतरवताना लाकडाचा ठोकळा सरकला आणि डावा पंजा सापडला. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर त्या दिवशी माझं नावच नव्हतं. त्याचं नाव घेत नाही, कवितेत घालण्याइतका तो मोठा नाही. प्लास्टर, अकरा आठवडे, दहा बाय दहाची खोली, तिसरा माळा, संडास गॅलरीच्या टोकाला. पहिल्या रविवारी आपल्या चळवळीतले आठ मित्र आले. फार प्रेमानं आले. दुपारभर बसले. साम्राज्यवाद झाला, निवडणूक झाली, दोन कवितांची चिरफाड झाली. शेजारणीनं दोनदा चहा दिला. तीन तास मला लघवीला जायचं होतं, आणि एकानंही विचारलं नाही, मलाही बोलवलं नाही. व्यवस्थेवर बोलणाऱ्या माणसाला "मला संडासला न्या" कसं म्हणायचं? ते गेल्यावर मी रांगत गेलो.

संध्याकाळी आमच्या टोळीचा म्हातारा मुकादम आला. त्यानं खोली पाहिली, मला पाहिलं, काही बोलला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, एक पान उलटं केलं, सात वारांचे सात रकाने आखले. लिहिता फार येत नाही त्याला. डब्यासाठी गोल काढला, संडासला न्यायच्या पाळीसाठी उभी रेघ. कोणाची कुठली पाळी ते त्याला पाठ होतं. पहिल्या पाळीवाला रात्री, दुसऱ्या पाळीवाला सकाळी. गुरुवार साताऱ्याच्या एका मराठ्याकडे आला. पहिल्या वर्षी हा माणूस माझ्या डब्याला शिवला नव्हता. त्यानंच मला उचलून नेलं, बादली भरून दिली, बाहेर उभा राहिला. अकरा गुरुवार. त्यावर आम्ही दोघं अजून एक शब्द बोललेलो नाही, बोलायची गरजही पडली नाही.

भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली आला, पण तो आपल्या पायानं चालत तिसऱ्या माळ्यावर येत नाही. टोळीतले दोघं एक दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासोबत अर्ज घेऊन बसले, जबानी दिली, तेव्हा कुठं कागद हलला. म्हणून सांगतो, सोबत बसणं आणि लढणं ही दोन कामं वेगळी नाहीत. पडलेल्या माणसाजवळ कोणी बसलं तर तो भांडतो, नाहीतर तो गप्प मरतो.

पडल्या पडल्या मी वाचलं. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार होतो. तो आपल्याच घाणीत पडलेला असतो. बुद्ध आनंदाला घेऊन फिरत फिरत तिथं येतात. विचारतात, तुझ्याजवळ कोणी नाही? तो म्हणतो, मी संघाच्या काही कामाचा नाही, म्हणून कोणी पाहत नाही. ऐका नीट, कामाचा नाही म्हणून! बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून उचललं, बिछान्यावर ठेवलं. आणि मग संघाला बोलावून विचारलं. तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार?

आपण हा प्रसंग ऐकला की डोळे पुसतो आणि घरी जातो. पुढचं वाचत नाही. पुढं नियम आहे. आजाऱ्याला कोणी पाहायचं याचा क्रम लावलाय, गुरू असेल तर गुरूनं, शिष्य असेल तर शिष्यानं, सोबत्यानं, आणि कोणीच नसेल तर अख्ख्या संघानं. नाही पाहिलं तर दोष. म्हणजे चांगल्या मनावर सोडलेलं नाही, कामाला लावलंय. आणि आजाऱ्यालाही नियम आहे. जो आपल्या दुखण्याचं खरं सांगत नाही त्याची सेवा करणं अवघड, असं स्पष्ट म्हटलंय. हे आपल्या पुरुषांसाठी आहे, माझ्यासारख्यांसाठी. "बरं आहे" म्हणणाऱ्यांसाठी.

कोणी म्हणेल, ही धर्माची गोष्ट झाली, चळवळीचं बोल. बोलतो. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. त्या सभेनं १९२५च्या सुरुवातीला सोलापूरला पोरांसाठी वसतिगृह उघडलं. चवदार तळं १९२७चं. तळ्याच्या दोन वर्षं आधी वसतिगृह! आधी पोराच्या डोक्यावर छप्पर, ताटात अन्न, मग सत्याग्रह. आपण तळ्याची जयंती करतो. त्या वसतिगृहात भाकरी कोणी थापल्या हे कोणी विचारत नाही.

आणि ज्यांचं नाव आपण मिरवलं त्यांचं काय? अमेरिकेत ओकलंड शहरात १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली, नाव तिथूनच आलं. पोस्टरवर आपण काय पाहिलं? काळं जाकीट, बंदूक, वर गेलेली मूठ. तेच पँथर जानेवारी १९६९पासून ओकलंडच्या एका चर्चमध्ये पहाटे उठून शाळेच्या पोरांना फुकट नाश्ता घालत होते. पुढं शहराशहरात घातला. पोलिसांना बंदुकीची भीती वाटत असेल, पण एफबीआयचा प्रमुख हूवर या नाश्त्यालाही घाबरला होता. आणि १९७१पासून त्यांनी सिकलसेलची तपासणी हाती घेतली, कारण तो आजार काळ्यांचा म्हणून सरकार बघत नव्हतं.

सिकलसेल! आपल्याला सांगायला नको. विदर्भात आदिवासींच्या आणि आपल्या वस्त्यांत हा आजार घर करून आहे. थंडीत, तापात हाडं फोडून काढणारी कळ येते, आणि मास्तर म्हणतो पोट्टा नाटकं करते. केंद्र सरकारनं त्याची राष्ट्रीय मोहीम काढली २०२३ साली. काळ्या पँथरांनी ते आपल्या वस्तीत बावन वर्षं आधी सुरू केलं होतं. आपण त्यांच्याकडून मूठ घेतली. नाश्ता घेतला नाही.

लांबचं सोडा, आपल्या वर्ध्यात या. दत्तपूर किती लांब आहे इथून? १९३६ साली मनोहर दिवाण यांनी तिथं कुष्ठधाम उभं केलं. त्या वेळी या आजाराला नीट औषध नव्हतं. १८९८चा कायदा होता कुष्ठरोग्यांना कोंडायचा, तो पूर्णपणे रद्द व्हायला २०१६ उजाडलं. आणि नवऱ्याला किंवा बायकोला हा रोग झाला एवढ्या कारणावर घटस्फोट मिळत होता २०१९पर्यंत, औषध येऊन कैक वर्षं झाली तरी. गंमत बघा, बरा होणारा रोग झाला आणि कायदा मात्र चिघळत राहिला.

सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले, संस्कृतचे पंडित, अंगावर कुष्ठ. गांधींनी त्यांना ठेवून घेतलं, त्यांच्या जखमा स्वतः धुतल्या, मालीश केलं. गांधींशी आपलं भांडण आहे. १९३२चा पुणे करार आपण विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण ही गोष्ट खोटी नाही, आणि भांडणातही खरं ते खरं म्हणायला पाहिजे. मला त्यात दुसरंच दिसतं. शास्त्रीबुवा वेदविद्या घोकलेले. अंगावर डाग उठले आणि ते एका रात्रीत आपल्या रांगेत आले. ज्या समाजाला शिवू नको हीच विद्या येते तो आपल्या पंडितालाही उकिरड्यावर टाकतो. आणि आपण? आपण शिवाशिवीविरुद्ध लढणारे. पण दारुड्या झालेला कार्यकर्ता, नवऱ्यानं टाकलेली पोरगी, वेडाची गोळी घेणारा पोरगा, एचआयव्ही झालेला ट्रक क्लीनर यांच्या घरी आपण किती जातो? त्यांच्या दारात आपणही लांबून जयभीम घालतो.

दत्तपूरपेक्षाही मला जवळची वाटते ती जवार योजना. सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्याचे डॉक्टर उल्हास जाजू आणि त्यांचे सोबती यांनी १९८०च्या आगेमागे आजूबाजूच्या खेड्यांत ती सुरू केली. सुगीच्या वेळी हातात दाणे असतात तेव्हा गावानं ज्वारी गोळा करायची. ज्याची शेती जास्त त्यानं जास्त द्यायची, भूमिहीनानं थोडी. गावच्या ज्वारीतून गावाच्या दुखण्याची सोय. आजारी पडल्यावर हात पसरायचा नाही, कारण पायलीभर का होईना, आपली ज्वारी त्यात पडलीय. दवाखान्याच्या दारात उभा राहणारा भूमिहीन भिकारी नव्हता, हिस्सेदार होता. दया आणि हे, यातला फरक मला पुस्तकात सापडला नव्हता, त्या ज्वारीत सापडला. मी काही जाजूंचा भक्त नाही. डॉक्टर लोकांनी केलं, आपण करायला पाहिजे होतं, एवढंच टोचतं.

आता कामाचं बोलू, लाइट जायच्या आधी.

मी एक वही आणलीय. शंभर पानी, दुकानातली. यात सात वार आखलेत, मुकादमाच्या कॅलेंडरसारखे. वस्तीत सध्या पाच घरं अशी आहेत जिथं कोणीतरी जायला पाहिजे. नावं वहीत नाहीत, मोठ्यानं वाचणारही नाही. दुःखाची यादी चावडीवर लावायची नसते. ज्याची पाळी त्यालाच घर सांगायचं. जाऊन काय करायचं? भाषण नाही. घोषणा तर अजिबात नाही. पाणी भरायचं असेल तर भरा, दवाखान्याची चिठ्ठी करायची असेल तर रांगेत उभे राहा, काहीच नसेल तर बसा. पोरगा म्हणाला झोप येत नाही, तर लढ म्हणू नका. कधीपासून, ते विचारा. मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं माणूस मरत नाही. १४४१६ हा सरकारी फोन आहे, टेलिमानस, २०२२पासून सुरू आहे, मराठीत बोलतात. तो नंबर विहाराच्या भिंतीवर लिहून टाका मोठ्या अक्षरात. पण फोन ठेवल्यावर खोली तीच असते, म्हणून त्या रात्री कोणीतरी तिथं झोपायला पाहिजे. आणि दवाखान्यात न्यायला पाहिजे, लाज न धरता, जसा मोडका पाय नेतो तसा.

दर घरामागं महिन्याला जमेल ते, दहा रुपये, वीस रुपये, नाहीतर तांदूळ. ज्याच्या घरी आपण जातो त्यानंही द्यायचे, पाच का होईना. फुकट नाही. उद्या तोही दुसऱ्याच्या घरी जाणार.

एक सांगतो आणि मग बसतो. वहीत बायांची नावं आधी लिहू नका. मागच्या दोन रांगा हसतायत, त्यांना कळलं. त्या हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतायत, वहीशिवाय, टाळीशिवाय. माझ्या बापाच्या दुखण्यात शेजारच्या मावशीनं सहा महिने आमच्या घरी भाकरी टाकल्या. तिच्यावर माझी एकही कविता नाही. पहिल्या सात रेघा पोरांच्या, ज्यांना माइक आवडतो त्यांच्या.

मघाशी चहाच्या वेळी वही फिरवली. सोमवारी दोन नावं आलीत. बुधवार, गुरुवार, शुक्रवार एकेक. शनिवार-रविवार भरपूर, सुट्टी असते ना. मंगळवारी अकरा ते दोन त्या माउलीच्या घरी बसायचं आहे, फायनान्सवाला येतो तेव्हा. मारामारी करायची नाही. कर्जाचा कागद मागायचा, वाचायचा, किती भरले किती राहिले ते लिहून घ्यायचं, नव्या कागदावर तिचा अंगठा उठू द्यायचा नाही. दहावी पास माणसाला जमण्यासारखं काम आहे. मी केलं असतं, पण मी उद्या रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघालोय, परवा पाळी आहे.

मंगळवार अजून रिकामा आहे. पेन इथं खांबाला सुतळीनं बांधलाय.